मराठीतील ‘धाव’, ‘पळ’ आणि ‘दौड’ : अर्थ व व्यवहार यांचा इतिहास

वेगाने अंतर कापणे या एकाच क्रियेसाठी मराठीत तीन शब्दकुले प्रामुख्याने रूढ आहेत : ‘धावणे–धाव’, ‘पळणे–पळ’ आणि ‘दौडणे–दौड’. कोशात हे तिन्ही शब्द बहुधा एकमेकांचे पर्याय म्हणून दिलेले आढळतात. त्यामुळे त्यांतील भेद हा केवळ वेगाच्या प्रमाणाचा, म्हणजे एकात वेग थोडा अधिक व दुसऱ्यात थोडा उणा इतकाच असावा, असा समज सहज होतो. परंतु प्रत्यक्ष व्यवहार पाहू गेल्यास हा समज टिकत नाही. संकटात सापडलेल्याकडे मनुष्य ‘धावून’ जातो, ‘पळून’ जात नाही. रणांगणातून सैन्य ‘पळ’ काढते, ‘धाव’ काढीत नाही. आणि घोडदळ शत्रूच्या मुलखात ‘दौड’ करते, तेव्हा तिथे ‘पळ’ हा शब्द घातल्यास वाक्याचा अर्थ पूर्णपणे उलटा होतो. या तीन शब्दांतील भेद वेगाचा नसून दिशेचा व हेतूचा आहे, आणि तो भेद मराठी समाजाच्या शेतीतून, भक्तीतून व स्वारीतून घडत आलेला आहे, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश होय. इतिहासाच्या अभ्यासकास या भेदाचे महत्त्व विशेष आहे; कारण जुन्या हकीकतींचा अर्थ लावताना एका शब्दाची गफलत झाली तर एखादी मोहीम पराभव ठरते, आणि एखादा पराभव मोहीम ठरतो.

१. व्युत्पत्तीची साक्ष

‘धावणे’ हे ‘धाव्’ या संस्कृत धातूपासून आले आहे. धातुपाठात या धातूला गती आणि शुद्धी असे दोन अर्थ दिलेले आहेत. त्यांपैकी दुसरा अर्थ मराठीत ‘दंतधावन’ यासारख्या तत्सम शब्दापुरता उरला असून पहिला मात्र सर्वत्र पसरला आहे. पाणिनीने ‘सृ’ या गतिवाचक धातूच्या जागी काही रूपांत ‘धौ’ असा आदेश सांगितला आहे. हा आदेश वेगाच्या गतीपुरताच समजावा, साध्या गतीच्या वेळी ‘सरति’ हेच रूप राहते, असे काशिकावृत्तीत स्पष्ट केलेले आहे. म्हणजे नुसते सरणे आणि धावणे यांतील सीमारेषा व्याकरणकारांनी फार पूर्वीच आखून ठेवली होती. मराठीतही ‘सरकणे’, ‘सरणे’ हे मंद गतीचे आणि ‘धावणे’ हे त्वरेचे, हा भेद अबाधित आहे.

‘पळणे’ या शब्दाचे मूळ निराळे आहे. संस्कृतात ‘अय्’ या गमनार्थक धातूला ‘परा’ हा उपसर्ग लागून, उपसर्गातील रेफाचा लकार होऊन, ‘पलायते’ हे रूप सिद्ध होते. या लकाराचा विधीही पाणिनीनेच दिला आहे. ‘परा’ म्हणजे दूर, पलीकडे. यावरून ‘पळणे’ याचा मूलार्थ ‘वेगाने जाणे’ असा नसून ‘दूर निघून जाणे’ असा आहे, हे ध्यानी घेतले पाहिजे. वेग हा त्या अर्थाचा परिणाम होय, गाभा नव्हे. घटिकेचा साठावा भाग, म्हणजे २४ सेकंदांचा काळ, दाखविणारा ‘पळ’ हा शब्द मात्र ‘पल’ या कालमानवाचक संस्कृत शब्दापासून आलेला असून त्याचा पलायनाशी संबंध नाही. ‘पळभर थांब’ यातील पळ पळून जाणारा वाटत असला तरी तो केवळ उच्चारसाम्याचा योगायोग समजावा.

‘दौड’ या शब्दाचा प्रसार उत्तरेकडील भाषांत फार मोठा आहे. हिंदी, पंजाबी, गुजराती व बंगाली या भाषांत धावण्याचा सामान्य अर्थ याच शब्दकुलाने व्यक्त होतो. मराठीत मात्र हा सामान्य अर्थ ‘धावणे’ व ‘पळणे’ यांनी आधीच व्यापलेला होता. परिणामी ‘दौड’ मराठीत आला तो एका मर्यादित क्षेत्राचा शब्द म्हणून, आणि ते क्षेत्र घोड्याचे व फौजेचे होते. आजही लहान मूल अंगणात ‘दौडते’ असे कोणी मराठी माणूस म्हणणार नाही. घोडा मात्र दौडतो.

२. धाव : हाकेकडे आणि हद्दीपर्यंत

‘धाव’ या शब्दाच्या अर्थाला दोन अंगे आहेत. पहिले अंग हाकेचे. जुन्या मराठीत ‘धांवणें’ हे नाम ‘साहाय्यास जाणे’ या अर्थाने येते. गावावर दरवडा आला, गुरे हाकून नेली, म्हणजे जे लोक पाठीवर निघत त्यांचे धावणे हे रक्षणाचे कर्म होते. हाच अर्थ भक्तीच्या क्षेत्रात उतरला आणि देवाला मारलेल्या आर्त हाकेस ‘धावा’ हे नाव मिळाले. द्रौपदीचा धावा, गजेंद्राचा धावा ही त्याची लोकप्रसिद्ध उदाहरणे होत. इथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, धावा करणारा स्वतः जागचा हालत नाही. धावावयाचे असते ते देवाने. क्रिया दुसऱ्याची आणि तिचे नाव मात्र हाक मारणाऱ्याच्या तोंडी, असा हा विलक्षण अर्थपालट आहे. ‘धावा’ म्हणजे ‘धाव घे’ अशी विनंती, आणि पुढे त्या विनंतीचेच नाव.

पंढरीच्या वारीत या शब्दाची दिशा पुन्हा उलटलेली दिसते. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी वेळापूरच्या परिसरात आली म्हणजे उतारावरून वारकरी धावत सुटतात, आणि या प्रसंगास ‘धावा’ असेच म्हणतात. या ठिकाणाहून तुकारामांना पंढरीच्या मंदिराचा कळस दिसला आणि ते तिथून धावत निघाले, अशी परंपरा सांगतात. एका धाव्यात देव भक्ताकडे येतो, दुसऱ्यात भक्त देवाकडे जातो. परंतु दोहोंतही धावणे हे कोणाकडे तरी आहे, कशापासून तरी नाही.

दुसरे अंग हद्दीचे. हा अर्थ शेतीच्या व्यवहारात अधिक ठळक होतो. विहिरीवर मोट चालत असे त्या काळी बैल ज्या उतारावरून खाली जात, त्या उतारास ‘धाव’ म्हणत. बैल धावेच्या टोकाला पोचले की नाड्याने ओढलेली मोट वर येऊन थारोळ्यात रिती होई, आणि बैल मागे फिरत. धावेची लांबी मनास येईल तेवढी ठेवता येत नसे. पाणी जितके खोल, तितका नाडा लांब, आणि तितकीच धाव लांब. धाव अपुरी पडली तर मोट थारोळ्यापर्यंत पोचणार नाही. इथे ‘धाव’ हा शब्द क्रियेकडून स्थळाकडे व स्थळाकडून मापाकडे गेला आहे. बैल या धावेवरून वस्तुतः धावत नसत, दमदार पावलांनी चालत. तरीही तिचे नाव धावच राहिले, कारण शब्दातील मुख्य अर्थ वेगाचा नसून ‘ठरलेल्या टोकापर्यंत जाणे’ हा होता.

‘सरड्याची धाव कुंपणापर्यंत’ ही म्हण याच अर्थावर उभी आहे. हिंदीत याच आशयाची जी म्हण आहे तीत मुल्लाची ‘दौड’ मशिदीपर्यंत सांगितली जाते. हिंदीला जिथे ‘दौड’ वापरावी लागली तिथे मराठीने ‘धाव’ वापरली, हे दोन भाषांतील शब्दविभागणीचे बोलके उदाहरण होय. बुद्धीची धाव, विचाराची धाव, पैशाची धाव असे प्रयोगही याच जातीचे असून त्यांत धाव म्हणजे आवाका.

बैलगाडीच्या लाकडी चाकावर बसविलेल्या लोखंडी पट्टीसही ‘धाव’ म्हणतात. लोहार ती पट्टी लाल होईतो तापवितो, प्रसरण पावलेली धाव चाकावर चढवितो आणि पाणी ओतून ती आवळून घेतो. रस्त्यास लागून फिरणारा चाकाचा भाग तो हाच. शिवणकामातील ‘धावदोरा’ हेही त्याच कुळातले नाव. घाईचा, परंतु रेघ न सोडणारा टाका.

३. पळ : माघारी पाठ

‘पळणे’ या शब्दाबाबत एक आक्षेप आरंभीच विचारात घेणे अवश्य आहे. देशावरील बोलीत ‘पळत जा, पळत ये’ असे मुलांना सर्रास सांगितले जाते, आणि निरोप घेताना ‘पळतो आता’ असेही म्हणतात. या प्रयोगांत भीती नाही, पलायन नाही. तेव्हा ‘पळणे’ म्हणजे दूर जाणे हा मूलार्थ लोपला, असे म्हणावयाचे काय? क्रियापदापुरते ते बव्हंशी खरे आहे. परंतु त्याच शब्दापासून झालेली नामे व विशेषणे पाहिली म्हणजे मूलार्थ किती चिवट आहे हे दिसून येते. ‘पळ काढणे’, ‘पळपुटा’, ‘पळवाट’, ‘पळवून नेणे’, ‘पळापळ’, ‘तोंडचे पाणी पळणे’ या सर्वांत काहीतरी सुटून, निसटून, दूर जाते. पळत येणाऱ्या मुलास कोणी पळपुटा म्हणत नाही. शब्दाचे क्रियापद सौम्य झाले, नाम मात्र आपल्या जुन्या अर्थास धरून राहिले.

या अर्थाभोवती मराठीने वाक्प्रचारांचा एक मोठा परिवार जमविला आहे. धूम ठोकणे, पोबारा करणे, सुंबाल्या करणे, काढता पाय घेणे हे त्यांतील काही. ‘पोबारा’ हा तर सोंगट्यांच्या खेळातील दानाचा शब्द. दान पडले की सोंगटी पुढे सरकते, त्यावरून तो निसटून जाण्यास लावला गेला. पळण्याला इतकी नावे असावीत आणि त्यांपैकी बहुतेकांत थट्टेचा सूर असावा, ही गोष्ट समाजाची या क्रियेकडे पाहण्याची दृष्टी दाखविते.

गोव्यात गेलेल्या मराठी माणसाची या शब्दावरून हमखास फसगत होते. कोकणीत धावण्यास ‘धांवप’ म्हणतात. ‘पळे’ याचा अर्थ मात्र ‘पाहा’ असा आहे. ‘पळे’ असे कोणी सांगितल्यावर पाहुणा पाय उचलू लागला तर तो दोष त्याचा नव्हे. दोन शेजारच्या भाषांत ‘धाव’ समान राहिली आणि ‘पळ’ने मात्र वाटा वेगळ्या केल्या, ही नोंद घेण्यासारखी आहे.

४. दौड : जाणे, मारणे, परतणे

घोड्याच्या गतींचे वर्गीकरण भारतात प्राचीन आहे. अमरकोशात आस्कंदित, धौरितक, रेचित, वल्गित आणि प्लुत अशा पाच गती सांगितल्या असून त्यांना ‘धारा’ ही संज्ञा दिली आहे. मराठीत त्यांच्या जागी दुडकी, रवाल, भरधाव, चौखूर असे शब्द आले. यांत ‘दौड’ नाही, ही गोष्ट सूचक आहे. दुडकी किंवा भरधाव ही घोड्याची चाल आहे. दौड ही स्वाराची मोहीम आहे. दौडीत घोडा काही अंतर दुडकीने जाईल, काही रवालीने, क्वचित भरधाव. दौडीचे माप पावलात नसते, मजलांत असते.

मराठी फौजेच्या नित्याच्या हालचालीस कूच म्हणत. तीत बुणगे, बाजार, तोफखाना असे सर्व लटांबर असे, आणि ती मजल-दरमजल चाले. दौडीसाठी हे सर्व मागे टाकावे लागे. सडे स्वार, निवडक घोडी आणि बेताचा शिधा एवढ्यावर ती चाले. १७३७ साली पहिल्या बाजीरावाने दिल्लीवर केलेली चाल हे तिचे उत्कृष्ट उदाहरण होय. जड सामान बुंदेलखंडाकडे लावून देऊन, वाटेवरील मोगल सरदारांच्या फौजा बाजूस टाकून, नेहमीच्या हिशेबाने दहा मजलांचे अंतर त्याने दोन दिवसांत कापल्याचे सांगितले जाते. राजधानीच्या वेशीवर दर्शन देऊन तो तसाच वेगाने माघारी वळला. दिल्ली घेणे हा त्या दौडीचा हेतू नव्हता. दिल्ली गाठता येते हे दाखविणे हा होता.

इथेच ‘दौड’ आणि ‘पळ’ यांतील भेद इतिहासाच्या दृष्टीने कळीचा ठरतो. दौडीच्या अर्थात परत येणे अंतर्भूत आहे. मोटेचे बैल धावेच्या टोकावरून मागे फिरतात ते हरले म्हणून नव्हे, तर मोट रिती झाली म्हणून. त्याचप्रमाणे दौडीवरील स्वार काम साधून मागे फिरतो. शिवाजी महाराज १६६४ च्या जानेवारीत सुरतेवर गेले आणि काही दिवसांत निघाले. १६७० च्या ऑक्टोबरात पुन्हा गेले, आणि या वेळी परतीच्या वाटेवर वणी-दिंडोरीपाशी मोगल सरदार दाऊदखान आडवा आला असता त्याच्याशी रणात झुंज देऊन पुढे गेले. परतणारे सैन्य पळणारे असते तर ते थांबून लढते ना. मैदान धरून राहणे म्हणजेच जय, अशी कल्पना मनात घेऊन जो या हालचालींकडे पाहील त्याला प्रत्येक परतीत पळच दिसेल. ‘दौड’ या शब्दाचा अर्थ ज्याला ठाऊक आहे त्याला मात्र ती परत म्हणजे मोहिमेचा उत्तरार्ध आहे, हे सांगावे लागणार नाही.

ज्या दौडीला परत नव्हती, तिची आठवणही मराठीने निराळी ठेवली आहे. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी नेसरीजवळ सरनोबत प्रतापराव गुजर मोजक्या स्वारांसह बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले आणि कोणीही मागे फिरले नाही. या प्रसंगावरील आपल्या प्रसिद्ध कवितेत कुसुमाग्रजांनी ‘धावणे’ किंवा ‘पळणे’ न वापरता ‘दौडणे’ हेच क्रियापद योजिले आहे. ज्या शब्दात परतणे गृहीत असते, तोच न परतलेल्यांसाठी वापरल्याने त्या प्रसंगाचे गांभीर्य वाढते.

५. शब्दांचे पक्षांतर

दौड ही मराठ्यांचीच मिरास राहिली नाही. १८०४ च्या युद्धात हे शब्द दोन्ही पक्षांत कसे फिरले, ते पाहण्याजोगे आहे. जुलै–ऑगस्टमध्ये यशवंतराव होळकराने कर्नल मॉन्सनच्या फौजेस मुकुंदरा घाटापासून आग्र्यापर्यंत मागे रेटले. तोफा व सामान वाटेत टाकीत झालेली ती माघार, योजून केलेली परत नव्हती. तिला ‘पळ’ हाच शब्द लागू पडतो. परंतु त्याच वर्षी १७ नोव्हेंबरला लॉर्ड लेकने फरुखाबादेपाशी होळकराच्या तळावर पहाटे अकस्मात छापा घातला. त्याआधीच्या २४ तासांत त्याच्या घोडदळाने सुमारे ७० मैल अंतर कापले होते. सडे स्वार, अनपेक्षित दिशा, पहाटेची वेळ, ही सर्व लक्षणे दौडीची होत. या वेळी दौड इंग्रजांची होती आणि सावधपणा ढळलेला तळ होळकराचा.

इंग्रजांनी पद्धतीबरोबर शब्दही उचलला. यूल व बर्नेल यांच्या १८८६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या अँग्लो-इंडियन कोशात ‘दौड’ हा शब्द घाईची स्वारी वा छापा या अर्थाने नोंदलेला असून तो क्रियापदासारखाही चाले, असे दिले आहे. साध्या धावण्यासाठी इंग्रजांना हिंदुस्थानी शब्दाची गरज नव्हती. त्यांना हवा होता तो ‘दौड’चा फौजी अर्थ. शब्द उसना घेतला जातो तेव्हा बहुधा त्यामागील वस्तू आपल्याकडे नसते, किंवा दुसऱ्याकडून शिकावी लागलेली असते.

६. काशीद, आगगाडी आणि मैदान

फौजेव्यतिरिक्त वेगाची गरज होती ती बातमीस. पेशवाईत जासूद व काशीद पत्रे पोचवीत. जासुदांची जोडी रवाना करण्याची रीत होती, आणि त्यांच्या मोबदल्यास ‘अजुरा’ म्हणत. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर झालेल्या संहाराची पहिली वार्ता नानासाहेब पेशव्यांस माळव्यात कळली ती सरकारी अखबारातून नव्हे. ठराविक दिवसांत दक्षिणेत पोचण्याच्या बोलीवर निघालेल्या एका सावकारी काशिदाच्या पत्रातून ती सुमारे दहा दिवसांत कळली. रणांगणावर पळापळ चालू असताना तिची बातमी घेऊन जाणारा मनुष्य धावत होता. दोघांचा वेग कदाचित सारखाच असेल, परंतु एकास पोचावयाचे ठिकाण होते, दुसऱ्यास नव्हते.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे आगगाडी सुरू झाली, आणि यंत्राच्या गतीसाठी मराठीला क्रियापद निवडावे लागले. बोलण्यात गाडी ‘पळते’. परंतु वृत्तपत्रांत, वेळापत्रकांत व फलाटावरील घोषणांत ती ‘धावते’. ‘गाडी अर्धा तास उशिराने धावत आहे’ हे वाक्य मराठी प्रवाशास रोजचे आहे, आणि त्यात त्याला काही विसंगत वाटत नाही. रेंगाळलेली गाडीही धावतच असते, कारण तिला रूळ आहे आणि शेवटचे स्थानक आहे. मोटेच्या धावेवर सावकाश चालणाऱ्या बैलांचा अर्थच इथे लोहमार्गावर आला आहे.

मैदानी खेळांतही हीच निवड झाली. ‘शर्यत’ हा शब्द अरबी ‘शर्त’ म्हणजे अट, पैज यावरून आला; तीत धावणारा मात्र ‘धावक’ किंवा ‘धावपटू’. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या सामन्यांतून पुढे आलेल्या खेळाडूंची निवड होऊन १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये भारतातर्फे मॅरेथॉन धावणाऱ्यांत बेळगावचे फडेप्पा चौगुले व सदाशिव दातार होते. चौगुले यांनी १९ वा क्रमांक मिळविला. क्रिकेटमध्ये दोन यष्ट्यांमधील फेरीस ‘धाव’ म्हटले गेले, आणि चेंडू सीमेपार गेल्यास एकही पाऊल न टाकता चार ‘धावा’ मिळू लागल्या. न धावता मिळालेली धाव हा विनोद वाटला तरी त्यामागे धाव म्हणजे माप हा जुनाच अर्थ आहे. ‘दौड’ मात्र खेळाच्या वर्णनात ‘विजयी घोडदौड’ म्हणून उरली. घोडे गेले, मोहिमा गेल्या. एकामागून एक ठाणी सर करीत जाण्याची कल्पना तेवढी शिल्लक राहिली.

७. समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येते की, मराठीने वेगाचे तीन शब्द वेगाच्या अंशांवरून वाटलेले नाहीत. ‘धाव’ कोणाकडे किंवा कुठवर हे सांगते; ‘पळ’ कशापासून हे सांगतो; ‘दौड’ कशासाठी हे सांगते, आणि परतीची वाट मनात धरून सांगते. जुन्या कागदांचे वाचन वा भाषांतर करताना या तिहींसाठी एकच शब्द योजणे म्हणजे लिहिणाऱ्याने दिलेला निवाडाच पुसून टाकणे होय. कारण बखरकार किंवा पत्रलेखक यांतील एक शब्द निवडतो तेव्हा तो जय, पराजय आणि हेतू यांविषयीचे आपले मत त्या एका शब्दात नोंदवीत असतो.

रोजच्या व्यवहारात आज सर्वाधिक ऐकू येणारा शब्द मात्र यांपैकी एकही नाही. तो आहे ‘धावपळ’. घरचे कार्य असो, कचेरी असो वा सकाळची लोकलगाडी असो, मराठी माणूस आपल्या दिवसाचे वर्णन याच शब्दाने करतो. कशाकडे तरी जाणे आणि कशापासून तरी दूर जाणे या दोन विरुद्ध दिशा या जोडशब्दात एकत्र नांदत आहेत. त्यांतील कोणती कोठे संपते आणि दुसरी कोठे सुरू होते, हे त्या गर्दीत असलेल्याला नेहमीच सांगता येईल असे नाही. पण भाषेने ते दोन्ही शब्द अजून जवळ ठेवलेले आहेत.